लालबागेचा चार्ज

फौजेत झाडांच्या जाती फार थोड्या. फायर ऑर्डर देताना ‘बुशी टॉप’, ताड आणि सुकलेलं झाड एवढ्यात आमचं काम भागतं. समोरचं झाड आंबा आहे की फणस, याच्याशी लाइट मशीनगनला काही देणंघेणं नसतं. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं काढली, सिंहगडाच्या वाटा रात्रीच्या अंधारात पाठ झाल्या, पण त्या वाटेवरच्या पाच झाडांची नावं विचारली असती तर मी नापास झालो असतो. चाळिशी उलटेपर्यंत ही परिस्थिती फारशी सुधारली नव्हती.

बंगळूरच्या पोस्टिंगवर असताना ती थोडी सुधारली, आणि त्याला निमित्त झाले आमचे आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती पाहणारे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले होते. ऑपरेशन नीट झालं, पण बरे झालेले सुभेदारसाहेब क्वार्टरमध्ये बसून राहीनात. तेव्हा माझ्या पत्नीने सुचवलं, “मामा, रविवारी लालबागेत झाडं दाखवायला नेतात. चला, नव्या डोळ्यांनी बघून या.”

लालबाग म्हणजे बंगळूरचं सरकारी वनस्पती उद्यान. आज २४० एकरांवर पसरलेलं. तिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी जाणकार मंडळी लोकांना घेऊन फिरतात. कुणी झाडांसाठी, कुणी इतिहासासाठी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पक्षी पाहणाऱ्यांचा गट जमतो, तो वेगळा. आम्ही गेलो त्या दिवशी वीसेक माणसं होती. कॉलेजची मुलं, दोन आज्या, एक तरुण जोडपं, आणि आम्ही तिघं. मार्गदर्शक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ होते. हातात काठी, गळ्यात दुर्बीण, आवाज मात्र परेड ग्राउंडचा. इंग्रजी आणि कन्नड आलटून पालटून बोलत. आप्पांसाठी मी दुभाषी.

दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की हा प्रकार मला ओळखीचा आहे. फौजेत आम्ही ‘टेवट’ करतो. सैन्य न हलवता केलेला लढाईचा सराव. अधिकारी प्रत्यक्ष जमिनीवर उभे राहतात आणि ‘ही टेकडी, हा नाला, शत्रू इकडून येईल, तू काय करशील’ असा अभ्यास चालतो. वर्गात नकाशावर जे कळत नाही ते पायाखाली जमीन असली की कळतं. हे गृहस्थ तेच करत होते. फक्त शत्रूच्या जागी काळ होता.

पहिला थांबा झाड नव्हताच. खडक होता. लालबागेत शिरलं की एक मोठी उघडी टेकडी दिसते. सकाळी लोक तिच्यावर फिरायला येतात. हा खडक पेनिन्सुलर नाइस या प्रकारचा आणि वय सुमारे ३०० कोटी वर्षं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केलं आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा आहे तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे या खडकापुढे सिंहगड म्हणजे कालचं रिक्रूट पोर. आप्पांना हे सांगितलं तर ते वाकले, खडकाला हात लावला आणि म्हणाले, “सीनियर हाय म्हणायचा.”

टेकडीच्या माथ्यावर एक छोटा दगडी मनोरा आहे. बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्याने शहराच्या चार दिशांना बांधलेल्या चार मनोऱ्यांपैकी हा एक मानतात. कुठल्याही सैनिकाने तिथे उभं राहून पाहावं, ही जागा निरीक्षण चौकीसाठीच निवडल्यासारखी वाटते. उंच इमारती मनातून पुसून टाकल्या तर वायव्येला दोनेक किलोमीटरवर जुना किल्ला नजरेच्या टप्प्यात येतो.

इथे माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. मार्गदर्शकांनी परवानगी दिली आणि मी पाच मिनिटं घेतली. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेने केंपेगौडांकडून हे शहर घेतलं. त्या फौजेत शहाजीराजे होते. पुढे बंगळूर त्यांची जहागीर झाली. जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे काही काळ राहून गेले. १६६४ मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले, त्यांची समाधी तिथेच आहे. मग व्यंकोजीराजे तंजावरला गेले, १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना विकून टाकलं. जवळपास पन्नास वर्षं हे शहर भोसल्यांच्या घरात होतं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा छाती काढली. आप्पा मात्र मनोऱ्याच्या सावलीत बसून ऐकत होते. सगळं ऐकून त्यांनी साधा प्रश्न विचारला.

“पन्नास वर्सं व्हतो म्हनतोस. मग लावलं काय आपन हितं?”

मला उत्तर देता आलं नाही. उरलेला फेरफटका मी त्याच प्रश्नाबरोबर चाललो, आणि हा लेखही त्याच्यासाठीच लिहितो आहे.

लालबागेचा जन्म १७६० चा सांगतात. बाग लावली हैदरअलीने. तेव्हा ती सुमारे ४० एकरांची होती. सिऱ्याला मोगल सुभेदाराची जी बाग होती, तिच्यावरून त्याला कल्पना सुचली असावी. मराठी वाचकाने हे साल जरा थांबून पाहावं. आदल्याच सुमारास गोपाळराव पटवर्धनांच्या फौजेने बंगळूरला वेढा दिला होता आणि हैदरने तो परतवून नाव कमावलं होतं. पण १७६० च्या ऑगस्टमध्ये त्याचाच माणूस खंडेराव उलटला. हैदरला श्रीरंगपट्टणहून जीव घेऊन पळावं लागलं आणि तो आला तो बंगळूरलाच. खंडेरावाच्या मदतीला विसाजी कृष्ण बिनीवाल्यांची मराठी फौज होती. हैदर जवळजवळ संपला होता. मग त्याने पैसा आणि बारामहालचा मुलूख देऊ केला, आणि मराठी फौज आश्चर्य वाटावं अशा घाईने परत फिरली. उत्तरेत पानिपताकडे जे चाललं होतं त्याची ओढ या घाईमागे होती, असं इतिहासकार सांगतात. १४ जानेवारी १७६१ ला तिथे काय झालं ते आपल्याला सांगायला नको.

म्हणजे आपल्या पानिपताने इकडे एका माणसाला जीवदान दिलं आणि त्या माणसाची बाग वाढली. मार्गदर्शकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे या बागेत तुमचाही थोडा हात आहे म्हणायचा!” मी आप्पांना भाषांतर करून सांगितलं नाही.

हैदरनंतर टिपूने बाग वाढवली. १७८८ मध्ये त्याचे वकील फ्रान्सच्या सोळाव्या लुईकडे गेले तेव्हा शस्त्रं आणि कारागिरांबरोबर बियाणं आणि माळीही मागितले होते. १८०० मध्ये फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने ही बाग पाहून वर्णन लिहून ठेवलं आहे. चौकोनी वाफे, मधून वाटा, वाटांच्या कडेला सरूची झाडं. एका वाफ्यात एकच जात, म्हणजे गुलाबाचा वाफा वेगळा आणि डाळिंबाचा वेगळा. परेडसाठी कंपन्या उभ्या कराव्यात तशी मांडणी.

याच ठिकाणी मार्गदर्शकांनी आम्हाला दुसऱ्या लालबागेची गोष्ट सांगितली. श्रीरंगपट्टणच्या बेटावरही एक लालबाग होती, आणि आहे. हैदरची कबर तिथेच आहे, पुढे टिपूही तिथेच विसावला. १७९२ च्या फेब्रुवारीत कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणला वेढा घातला तेव्हा त्याच्या इंजिनियरांना मोर्चे बांधायला लाकूड हवं होतं. फांद्यांच्या मोळ्या बांधायच्या, टोपल्या विणून त्यात माती भरायची आणि त्यांच्या आडून तोफा पुढे सरकवायच्या, ही तेव्हाची पद्धत. लाकूड त्यांना त्या लालबागेत मिळालं. सरूची रांगच्या रांग तोडली गेली आणि बागेतल्या महालात जखमींचं इस्पितळ उघडलं.

या मोहिमेत आपण इंग्रजांचे दोस्त होतो. आधीच्या वर्षी मे महिन्यात कॉर्नवॉलिसची फौज उपासमारीने मोडकळीला आली होती, तिला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या छावणीतल्या बाजाराने धान्य पुरवून तारलं. ही बाजू आपण अभिमानाने सांगतो. त्याच स्वारीत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लमाण-पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हे जरा हळू आवाजात सांगतो. सैनिक म्हणून मी कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही. वेढ्याच्या वेळी माझ्या हाताखाली इंजिनियर असते तर मीही त्यांना जवळची झाडं दाखवली असती. पण दोन बागा एकाच घराण्याने लावल्या, एकीचं लाकूड मोर्च्यात गेलं आणि दुसरी आज पाहायला मिळते, एवढं मनात राहिलं.

दुसरी टिकली कशी, हे पाहण्यासारखं आहे. १७९९ मध्ये टिपू पडला. पराभूत राजाची बाग म्हणजे बेवारस माल. पण ती मेजर गिल्बर्ट वॉ या फौजी अधिकाऱ्याकडे आली. तो पगारवाटप सांभाळणारा, म्हणजे आपल्या भाषेत पे-मास्टर. त्याला झाडांचा नाद होता. १८१९ मध्ये त्याने बाग कंपनी सरकारला देऊ केली. पुढे म्हैसूरचा कमिशनर मार्क कब्बन, तोही सैनिकच. त्याच्या काळात १८३६ मध्ये बाग एका कृषी-उद्यान संस्थेकडे गेली. ती संस्था १८४२ मध्ये बंद पडली. मधली काही वर्षं वाईट गेली. मग मद्रासचा वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्न याच्या सल्ल्याने १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि १८५८ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून विल्यम न्यू हा माळी आला.

माळी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पदाचं नाव सुपरिंटेंडेंट असलं तरी ही माणसं मातीत हात घालणारी होती. १८७४ मध्ये जॉन कॅमेरॉन आला आणि चौतीस वर्षं राहिला. काचघर त्याच्याच काळातलं. ३० नोव्हेंबर १८८९ ला प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टरच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, ओतीव लोखंडाचे भाग ग्लासगोहून आले. आजही २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमाराची पुष्पप्रदर्शनं तिथेच भरतात. पण कॅमेरॉनचं खरं स्मारक मंडईत आहे. बंगळूरकर ज्या फिक्या हिरव्या भाजीला ‘सीमे बदनेकायी’ म्हणजे विलायती वांगं म्हणतात, ती चौ-चौ त्याने इथे रुजवली. आमच्या मेसमध्ये ती आठवड्यातून दोनदा असायची. कुणामुळे, ते मला त्या दिवशी कळलं.

कॅमेरॉननंतर १९०८ मध्ये आला गुस्ताव्ह क्रुंबिगल. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ जन्मलेला, क्यूमध्ये शिकलेला. आणि इथे मला आप्पांसाठी एक धागा मिळाला. क्रुंबिगलला हिंदुस्थानात आणलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, १८९३ मध्ये. पंधरा वर्षं त्याने बडोद्याच्या बागा सांभाळल्या, तिथून म्हैसूरच्या महाराजांनी त्याला बोलावलं. बंगळूरच्या रस्त्यांवर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, अशी लागवड त्याने योजली. आज शहरात गुलमोहर संपेपर्यंत दुसरं काही फुलतं, त्याचं श्रेय त्याला देतात. महायुद्धाच्या काळात जर्मन म्हणून त्याला स्थानबद्धतेत राहावं लागलं. तरी तो देश सोडून गेला नाही. १९५६ मध्ये बंगळूरलाच वारला. त्याच्याकडून १९३२ मध्ये एच. सी. जवराय यांनी चार्ज घेतला, त्यांच्यानंतर एम. एच. मरिगौडा आले.

मी घाईघाईने आप्पांना म्हटलं, “हा बघा, आपल्या सयाजीरावांनी आणलेला माणूस.”

आप्पा म्हणाले, “मानूस आनला, ते बेस केलं. झाड लावन्यापेक्षा अवघड हाय ते.”

शेवटचा थांबा होता पांढऱ्या सावरीचा. वय दोनशे वर्षांच्या घरातलं सांगतात. बुंध्याला भिंतीसारख्या मुळांचे पंख फुटलेले, एकेका खोबणीत एक जवान सहज आडोसा घेईल. मार्गदर्शकांनी विचारलं, हिचा उपयोग कोणी सांगेल का? मुलं फोन काढून शोधू लागली. आप्पांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, “सावर हाय. उशीचा कापूस.” मी भाषांतर केलं. मार्गदर्शक खूश झाले. त्यांनी भर घातली की हा कापूस पाण्यात भिजत नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या लाइफ जॅकेटमध्ये तो भरत. मग त्यांनी आप्पांना पुढे बोलावलं आणि झाडांची मराठी नावं विचारायला सुरुवात केली. कैलासपती, बकुळ, सीतेचा अशोक. आप्पा एकेक सांगत गेले, ते वहीत लिहून घेत गेले. वीस माणसांचा वॉक दोन म्हाताऱ्यांचा झाला आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मी बाजूला उभा होतो, आणि मला एक जुनी गोष्ट आठवत होती. ती सांगणं भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका युनिटमध्ये असताना वृक्षारोपणाची मोहीम माझ्याकडे होती. आम्ही एका दिवसात पाचशे रोपं लावली. खड्डे एका ओळीत, रोपांभोवती गेरू-चुना, फलकावर वरिष्ठांचं नाव आणि तारीख. फोटो उत्तम आले. चार महिन्यांनी माझी बदली झाली. हँडिंग-टेकिंग ओव्हर दोन दिवस चाललं. शस्त्रं मोजली, गाड्या मोजल्या, मेसची भांडीसुद्धा मोजली. रोपं कुणी मोजली नाहीत. त्यांना पाणी कोण घालतो, हे कागदावर कुठेच नव्हतं, कारण मी ते लिहिलंच नव्हतं. दोन वर्षांनी त्या वाटेने जाणं झालं तेव्हा फलक शाबूत होता. रोपं मोजायला एका हाताची बोटं पुरली.

आप्पांनी “लावलं काय” असं विचारलं होतं. सावरीखाली मला वाटलं, प्रश्न अर्धाच आहे. हैदरने लावलं, टिपूने लावलं, पण त्यांनी तर श्रीरंगपट्टणलाही लावलं होतं. ही बाग टिकली कारण पराभवानंतरही कुणीतरी तिचा चार्ज घेतला आणि जाताना पुढच्याला दिला. पे-मास्टरने दिला, क्यूच्या माळ्याने दिला, जर्मनाने म्हैसूरकराला दिला. जिथे ही साखळी तुटली तिथे बाग रोडावली. १८४२ नंतरची वर्षं त्याची साक्ष आहेत. फार लांब कशाला जा? क्रुंबिगलच्या नावाचा जुना हॉल दुर्लक्षित राहिला, आणि २०१७ च्या पावसात त्याचा भाग कोसळला.

आता चार्ज कुणाकडे आहे? कागदावर उद्यान खात्याकडे. पण २००९ मध्ये मेट्रोसाठी बागेच्या कडेची जमीन घेतली गेली तेव्हा शेकडो बंगळूरकर विरोध करायला उभे राहिले. मेट्रो झाली, मी स्वतः तिने फिरलो आहे, आणि शहराला ती हवीच होती. तरी त्या लोकांचं मला पटतं. ज्या झाडाचं नाव आपल्याला माहीत आहे ते पडताना माणूस गप्प बसत नाही. रविवारी सकाळी काठी घेऊन वीस अनोळखी माणसांना फिरवणारे ते गृहस्थ काय करत होते, ते मला तेव्हा उमगलं. ते हँडिंग ओव्हर करत होते. एकेक झाड दाखवून, सही न घेता.

शहाजीराजांनी बंगळूरला काय लावलं, याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण त्या पोस्टिंगवरून निघताना मी माझ्या चार्जच्या कागदांत एक पान वाढवलं. आवारात किती झाडं, कोणत्या जातीची, कोणती या वर्षी लावलेली, पाणी कोण घालतो, त्याची रजा असेल तर कोण घालतो. चार्ज घेणारा मेजर ते पान पाहून हसला. मग तोच म्हणाला, “सर, एकदा फिरून दाखवा.” आम्ही अर्धा तास फिरलो. मी त्याला सव्वीस झाडांची नावं सांगितली. त्यातली नऊ आप्पांनी शिकवलेली.

माजी सैनिक मित्रांनो, इस्पितळाच्या निमित्ताने किंवा रियुनियनला बंगळूरला जाणं झालं, तर एक सकाळ लालबागेसाठी ठेवा. उजाडतानाच जा. घरातल्या थोरल्या माणसाला बरोबर न्या, आणि आपल्या भाषेतली नावं त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांचाही चार्ज आपल्यालाच घ्यायचा आहे.

जय हिंद.